आबांच्या गाडीचं हेड

कन्नड घाटात अर्ध्या चढावर टेम्परेचरचा काटा लाल पट्टीत गेला, की ट्रकमधल्या माणसाला दोनच गोष्टी करता येतात. गाडी कडेला घ्यायची, चाकाला दगड लावायचा, इंजिन मंद चालू ठेवायचं आणि अर्धा तास बसून राहायचं. नाहीतर कॅन उचलून रेडिएटरमध्ये गार पाणी ओतायचं. पहिल्या गोष्टीला पैसे लागत नाहीत, अक्कलही फारशी लागत नाही, फक्त बसावं लागतं. म्हणून ती कोणी करत नाही.

चाळीसगावातली इंजिनकामाची निम्मी गॅरेजं त्या कॅनवर चालतात असं माझं मत आहे. उरलेली निम्मी रेडिएटरच्या झाकणावर चालतात. हे झाकण पाण्याला दाबून धरतं, त्यामुळे शंभर अंशांवर उकळणारं पाणी आणखी दहा-पंधरा अंश कळ काढतं. पण हे झाकण कुठल्याही जुन्या ट्रकला पहिल्या पाच वर्षांत सोडून जातं आणि त्याच्या जागी फडक्याचा बोळा येतो. बोळ्याला दाब वगैरे काही कळत नाही. तो फक्त उडतो. त्यात थर्मोस्टॅट नावाची एक छोटी वस्तू असते, ती आमच्याकडच्या प्रत्येक मिस्तरीने पहिल्याच भेटीत काढून फेकलेली असते. का काढली विचारलं, तर ‘थंड मुलखातल्या गाड्यांना लागते’ असं उत्तर मिळतं. कारखानदाराने ती उगाच बसवली आणि आपण ओळखली, या आनंदात पुढची वीस वर्षं निघतात.

घाट तसा नावाजलेला. कागदोपत्री औट्रम घाट. 1825 पासून खान्देशात भिल्ल पलटण उभी करणारा, धरणगावात मुक्काम ठोकणारा आणि पुढे 1857 मध्ये लखनौला तलवार गाजवणारा जेम्स औट्रम, त्याच्या नावाचा. एवढा मोठा सेनापती, पण आमच्याकडे त्याची आठवण निघते ती ‘औट्रमला जॅम आहे’ एवढ्यापुरती. धुळे-सोलापूर महामार्ग इथूनच वर चढतो. वर कन्नड, वेरूळ, संभाजीनगर. खाली आम्ही, आमची तितूर नदी आणि आमची गॅरेजं. 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून घाटात अवजड वाहनांना बंदी झाली, तेव्हा प्रवाशांनी सुटकेचा श्वास टाकला आणि गॅरेजवाल्यांनी नुसताच श्वास टाकला. मी सांगतोय ती हकिगत बंदीच्या आधीच्या एका मे महिन्यातली आहे. मे महिना म्हणजे जळगाव जिल्ह्यात पारा पंचेचाळिसाशी झोंबत असतो आणि माणसांचा पारा त्याच्याही वर.

आमचे आबा, म्हणजे माझे सख्खे चुलते, यांचा एक टाटा 1612 आहे. सोळा म्हणजे टन, बारा म्हणजे दहाच्या हिशेबात घोडे. इंजिन 697. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर. 1954 मध्ये टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला, त्या घराण्यातलं हे इंजिन, त्यामुळे आबा ट्रकबद्दल बोलताना ‘जर्मन खानदान’ असा शब्द वापरतात. हप्ते फिटून जमाना झाला. काकूने तो विकायचा विषय काढला की आबा जेवणाच्या ताटावरून उठतात. परत बसतात, पण उठतात. दर वर्षी आरटीओच्या पासिंगच्या वेळी मात्र ते देवळात जाऊन येतात. जर्मन खानदानावर तेवढा एक दिवस त्यांचा भरवसा नसतो.

आबांचा मोठा गुण म्हणजे त्यांना दम धरवत नाही. भाजीत मीठ टाकलं की ते पुढच्या क्षणाला चाखून बघतात. ट्रक घराबाहेर पडला की त्यांचा फोन सुरू होतो. ‘पोचला का?’ ट्रक घाट रोडवरच्या पंपावर डिझेल भरत असतो. ‘आता पोचला का?’ ट्रक घाटाच्या पायथ्याशी. त्या दिवशी मक्याची पोती भरलेली होती, वर माल उतरवून परतीचं भाडं पकडायचं होतं, आणि घाटातल्या म्हसोबाच्या अलीकडे काटा लाल झाला तेव्हा आबांचा फोन आला. उस्तादाने, म्हणजे ड्रायव्हरने, खरं ते सांगितलं. आबा म्हणाले, ‘अरे मग पाणी टाक ना! का मुहूर्त काढून देऊ?’

इथे हेडबद्दल थोडं सांगणं भाग आहे. सिलिंडर हेड म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरची बिडाची जाड लादी. या 697 ला सहाही सिलिंडरांवर मिळून एकच अखंड हेड असतं. दोन माणसांनी ‘हूं’ म्हणून उचलायचं. त्याच्या पोटातून पाण्याच्या वाटा जातात, हवेच्या जातात, धुराच्या जातात, आणि प्रत्येक सिलिंडरवर डिझेलची नोझल खुपसलेली असते. एका सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह: एक हवा आत घेणारा, एक धूर बाहेर काढणारा. दोघांच्या मधे बिडाचा एक चिंचोळा पूल. या पुलाचा शेजार बघा. एका अंगाला बाहेरची गार हवा, दुसऱ्या अंगाला पेटलेला धूर, खाली ज्वाळा, वर पाणी. तापला की त्याला फुगायचं असतं, पण चहूबाजूंनी लोखंडाने आवळून धरलेलं, म्हणून तो आतल्या आत चेपून बसतो. अचानक गार पाणी आलं की आखडायला लागतो, आणि आता त्याला ताण पडतो. बिडात तीन टक्क्यांच्या आगेमागे कार्बन असतो आणि तो काळ्या पापुद्र्यांच्या रूपात सगळीकडे विखुरलेला असतो. म्हणून बीड दाब कितीही सोसतं, ताण मात्र सोसत नाही. आमच्या घराण्यातले बरेच पुरुष याच धातूचे आहेत.

तर उस्तादाने बोळा काढला, वाफेने हात भाजून घेतला, ढाब्यावरच्या बोअरचं पाणी ओतलं. (हे पाणी इतकं जड, की त्यात डाळ शिजत नाही, रेडिएटरच्या नळ्यांत मात्र त्याचा चुना छान धरतो.) आवाज कसलाही आला नाही. पडद्यावर फुटतात तशी इंजिनं प्रत्यक्षात फुटत नाहीत. गाडी आणखी दोन वळणं चढली, मागून पांढरा धूर निघाला, पाणी पुन्हा उडालं आणि जर्मन खानदान बसलं.

गॅरेज धुळे रोडला. मालक, हेडमिस्तरी आणि तत्त्ववेत्ता एकच माणूस. वय साठीच्या पुढे, हाताची नखं डिझेलने कायमची काळी. गाडी ओढून आणली तेव्हा मिस्तरी चहा पीत होते. त्यांनी चहा संपवला. कपातला गाळ फेकला. मग आबांकडे न बघता गाडीला विचारल्यासारखं विचारलं, ‘काय व्हयनं भो?’

‘पाणी फेकतेय,’ आबा म्हणाले. ‘पॅकिंग गेलं असेल ना मिस्तरी? पॅकिंगच असेल.’

हेडचं पॅकिंग, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधली ती पत्र्याची चकती. ते गेलं तर खर्च थोडा, हेड तडकलं तर खर्च मोठा. दोन्हींची लक्षणं मात्र सारखीच. त्यामुळे अशा वेळी ट्रकमालक ‘पॅकिंग’ हा शब्द जपासारखा म्हणत असतात. मिस्तरींनी बोळा काढून इंजिन चालू करायला सांगितलं. रेडिएटरच्या तोंडात बुडबुडे यायला लागले. जळक्या वायूला बाहेर जायला धुराड्याचा रस्ता होता, तो सोडून तो पाण्यात घुसत होता. मग त्यांनी ऑइलची काडी उपसली. काळं असायला हवं ते ऑइल दुधाळ झालं होतं. त्यांनी काडी आबांच्या नाकाखाली धरली आणि काही न बोलता परत खोचली.

‘पाणी कोनी टाकं?’

उस्तादाने क्लीनरकडे पाहिलं. क्लीनरने आकाशाकडे पाहिलं. आबांनी फोन काढला आणि कोणाचातरी नसलेला फोन घेतला.

तोवर बघे जमले होते. ट्रकच्या इंजिनाचं बॉनेट उघडलं की चाळीसगावात माणसं कुठून येतात याचा मला अजून पत्ता लागलेला नाही. टायरवाला, पंप-नोझलवाला, बॅटरीवाला, समोरच्या पानटपरीवरचे दोन गृहस्थ, आणि धुळ्याच्या गाडीला अजून वेळ आहे म्हणून स्टेशनवरून पाय मोकळे करायला निघालेला एक पूर्ण अनोळखी माणूस. प्रत्येकाने काडी उपसून पाहिली. पंपवाल्याच्या मते दोष नोझलचा होता, टायरवाल्याच्या मते लोडचा, बॅटरीवाल्याने काही मत दिलं नाही पण बॅटरीचं पाणी कमी आहे एवढं सांगितलं. अनोळखी माणूस म्हणाला, ‘विकून टाका.’ आबांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो धुळ्याची गाडी सुटायच्या बराच आधी स्टेशनवर पोचला असेल.

हेड उतरवायचं काम पोऱ्याने केलं. पोऱ्या पंधरा-सोळा वर्षांचा, दोन गोष्टींत तरबेज: नट ढिला करणं आणि पाने हरवणं. त्याने पुशरॉड एकेक करून काढले आणि पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यांत ओळीने खोचले. ज्या जागेचा रॉड त्याच जागी परत गेला पाहिजे. नोझलचे पाइप सोडवले, रॉकर उतरवले, आणि मधेच ओरडला, ‘14-15चा पाना कोठे शे?’ हा प्रश्न पुढचा आठवडाभर त्या गॅरेजमध्ये घड्याळाच्या ठोक्यांसारखा वाजत राहिला.

हेड बाकावर आलं. काजळी घासली. पॅकिंग शाबूत. आबा खाली बसले.

आता चीर कुठे आहे ती शोधायची. मोठ्या शहरांत त्याला लाल रंगाचं आणि पांढऱ्या फवाऱ्याचं डबल-डब्याचं औषध मिळतं. कुठे कुठे लोहचुंबक लावून लोखंडाचा कीस पेरतात आणि कीस चिरेवर जाऊन बसतो. मिस्तरींनी माझ्याकडे वळून विचारलं, ‘मास्तर, खडू शे का?’

मास्तराच्या खिशात खडू असतोच. मिस्तरींनी व्हॉल्व्हच्या बैठकींच्या मधल्या पुलांवर रॉकेल लावलं. बाटलीच्या तळाशी जपून ठेवलेलं, रेशनच्या काळातलं निळं रॉकेल. थोडं थांबले. कोरड्या फडक्याने पृष्ठभाग लखलखीत पुसला. मग माझा खडू किसून त्यावर पूड भुरभुरवली आणि हाताची घडी घालून उभे राहिले. आबा म्हणाले, ‘काहीच दिसत नाही, बरं आहे!’ मिस्तरी म्हणाले, ‘बठ जराखा.’

मिनिटाभराने चौथ्या सिलिंडरच्या पुलावर पांढऱ्या पुडीत एक केसासारखी ओली रेघ उमटली. चिरेत शिरलेलं रॉकेल वर येत होतं. रेघ व्हॉल्व्हच्या बैठकीपासून निघाली, वाकडी होत नोझलच्या भोकाकडे गेली. सगळे वाकून पाहत होते. मी आजवर खडूने फळ्यावर हजारो रेघा ओढल्या, पण एवढ्या एकाग्रतेने बघणारा वर्ग मला कधी लाभला नाही.

‘तडकी गयं,’ मिस्तरी म्हणाले.

दुसऱ्या सिलिंडरवरही एक बारीक रेघ होती. आबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण मिस्तरींनी तिच्याकडे हात झटकला. पुलावर वरवर पडलेली आणि पाण्यापर्यंत न पोचलेली चीर जुन्या हेडला असायचीच. तिला छेडलं नाही तर ती निमूट बसते. कुठली चीर मोजायची आणि कुठल्या चिरेकडे काणाडोळा करायचा, यातच आयुष्यभराचा अनुभव असतो. लग्नं टिकवणारी माणसंही हेच सांगतात, पण तो विषय वेगळा.

मग सुरू झाली ‘काय करायचं’ ही बैठक. नवं हेड घ्यावं, हा पर्याय मी मांडला. बैठकीने त्याची दखल घेतली नाही. जुन्या बाजारातून, मुंबईला कुर्ल्याहून, उतरवलेलं हेड आणावं हा पर्याय पंपवाल्याने मांडला. मिस्तरी म्हणाले, ते कोणी का उतरवलं असेल याचा विचार कर. तिसरा पर्याय टाके घालण्याचा. चिरेच्या शेवटाला छोटं भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढे पळत नाही. मग चिरेच्या वाटेवर एकाला एक खेटून भोकं पाडायची, आटे पाडायचे, आटेदार पिना घट्ट बसवायच्या, पुढची पिन मागच्या पिनेचा थोडा भाग खाऊन बसते, आणि शेवटी सगळं ठोकून, घासून सपाट करायचं. यात विस्तव लागत नाही, हेड वाकत नाही. काम नामी आहे. पण जळगावला हे काम करणारा कारागीर मिस्तरींचा जुना चेला निघाला. वीस वर्षांपूर्वी न सांगता निघून गेलेला. त्यामुळे टाके घालणं हा प्रकार मुळातच कसा कुचकामी आहे, हे आम्हाला बराच वेळ ऐकावं लागलं.

राहिलं वेल्डिंग. बिडाला वेल्डिंग म्हणजे वाघाला आंघोळ. स्टील जोडायला सोपं, बीड जोडायला गेलं की वेल्डच्या शेजारी नवी चीर पडते. कारण तेच, एकीकडे लाल आणि एकीकडे गार. त्याला उपाय एकच, सगळं हेडच आधी सहाशे अंशांच्या आसपास तापवायचं, त्या तापलेल्या अंगावर बिडाच्याच सळीने भर घालायची, आणि मग सावकाश, अगदी सावकाश निवू द्यायचं.

इथे मी माझं वाचन पुढे केलं. 1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तिच्या बंदरांत अडकून पडलेल्या जर्मन जहाजांच्या खलाशांनी जहाजं हातची जाणार म्हणून इंजिनांचे बिडाचे सिलिंडर घणांनी फोडून ठेवले. आता ही जहाजं लवकर काही चालत नाहीत, असा त्यांचा हिशेब. अमेरिकी कारागिरांनी विजेच्या वेल्डिंगने आणि ठिगळांनी ते सिलिंडर जोडले, आणि काही महिन्यांत त्याच जहाजांतून अमेरिकी सैनिक युरोपात जर्मनांशी लढायला निघाले. मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. मिस्तरींनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘मंग पैसा भेटना का त्यासले?’

मी म्हटलं, सरकारी काम होतं. मिस्तरींनी सहानुभूतीने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी भट्टी लागली. विटांचा चौकोन, खाली दगडी कोळसा, भात्याच्या जागी जुन्या पिठाच्या गिरणीचा पंखा. हेड त्यात पालथं ठेवलं. चिरेचा भाग आधीच ग्राइंडरने कोरून नाली केली होती, कारण वरून लेप लावला तर तो लेपच राहतो. मे महिन्याची दुपार, चाळीसगाव, आणि त्यात सहाशे अंशांची भट्टी. मिस्तरी म्हणाले, या दिवसांत हेड अंगणात ठेवलं तरी अर्धं तापतं, कोळसा वाचतो. हेड हळूहळू काळ्याचं मंद लाल झालं. ते लाल सावलीतच कळतं, म्हणून पोऱ्या डोक्यावर गोणपाट धरून उभा. मिस्तरींनी गॅसची ज्योत धरली, बिडाची सळी टाकणखारात बुडवली, आणि त्या नालीत थेंब थेंब भर घालायला लागले. चेहऱ्यावरून घामाच्या धारा, हात मात्र जागचा हलत नव्हता. एरवी दर वाक्याला शिवी घालणारा माणूस त्या वेळात एक अक्षर बोलला नाही. टपरीवरचे दोन गृहस्थही गप्प होते, आणि ही त्या भागातली मोठी घटना होती.

मग हेड राखेत गाडायचं. राख शेजारच्या ढाब्यावरून पोत्यांनी आली होती. पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजतात, त्या चुलीची. थोडी गोवऱ्यांची भरीला. तापलेलं हेड त्या ढिगात गेलं, वर राख, वर पत्रा, पत्र्यावर दगड, आणि सगळ्या गॅरेजला भाजलेल्या वांग्याचा वास सुटला. आबांना त्या परिस्थितीतही भूक लागली.

‘कधी काढायचं?’ आबांनी विचारलं.

‘उद्या संध्याकाळले. नाहीतर परवा.’

‘एवढा वेळ? पंखा लावू का?’

मिस्तरींनी आबांकडे असं पाहिलं की मी घाईघाईने त्यांना खाटेकडे नेलं.

पुढचे दोन दिवस आबा त्या खाटेवर बसून होते. अर्धा तास थांबले असते तर लागला नसता असा मुक्काम. चाळीसगावला वाट पाहण्याचं वावडं आहे असं मुळीच नाही. याच गावात स्टेशनाजवळच्या घरात केकी मूस राहत होते, छायाचित्रकार आणि चित्रकार म्हणून नावाजलेला माणूस. 1989 मध्ये ते गेले. पन्नासएक वर्षं घराबाहेर पडले नाहीत म्हणतात, आणि मुंबईहून कोणीतरी येईल म्हणून रोज पंजाब मेलच्या वेळेला दार उघडं ठेवत असत अशी आख्यायिका आहे. हे मी आबांना सांगितलं. आबा म्हणाले, ‘त्यांच्याकडे परतीचं भाडं नव्हतं ना.’

पण खरा गमतीचा भाग पुढेच होता. राखेच्या ढिगाला सगळ्यांचे हात शिवशिवायला लागले. टायरवाला येऊन पत्रा बोटाने टेकून बघे, ‘गरम आहे अजून’. पंपवाला कान लावून ऐके. कशाचा आवाज अपेक्षित होता कोण जाणे. आबा तर दर तासाला दगड उचलायला जात आणि पोऱ्या धावून येई. मिस्तरींनी शेवटी ढिगावर एक लिंबू-मिरची बांधली आणि जाहीर केलं, की उघडणाऱ्याच्या गाडीला म्हसोबा बघून घेईल. त्या क्षणापासून ढिगाकडे कोणी फिरकलं नाही. धातुशास्त्रात निवण्याचा वेग आटोक्यात ठेवायचे बरेच उपाय सांगितले आहेत, पण लिंबू-मिरचीचा उल्लेख मी कुठे वाचलेला नाही.

हेड निघालं ते हात लावण्याजोगं गार आणि अख्खं. पुन्हा खडू, पुन्हा रॉकेल, रेघ नाही. मग पाण्याच्या सगळ्या वाटांवर पत्र्याच्या पट्ट्या आणि रबर आवळून आत हवा भरली आणि हेड गरम पाण्याच्या हौदात बुडवलं. बुडबुडा नाही. पुढची लेथवाल्याकडची कामं झटपट उरकली: तापवल्याने हेड थोडं वाकलेलं होतं ते फेस मारून सपाट करणं, फार न घासता, कारण जास्त घासलं की वर सरकणाऱ्या पिस्टनला व्हॉल्व्ह भेटायला येतो. चौथ्या सिलिंडरच्या बैठकीला नवी रिंग, सीट कटिंग, व्हॉल्व्ह लॅपिंग.

हेड परत चढवताना मिस्तरींनी पुन्हा सगळ्यांना गप्प केलं. बोल्ट मधून सुरू करून कडांकडे आवळत जायचे, एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. कपाटात फडक्यात गुंडाळलेला टॉर्क पाना आहे. तो दसऱ्याला पूजेला निघतो. एरवी मिस्तरींचा दंडच टॉर्क पाना. आबांनी ‘मोजून आवळा ना’ म्हटल्यावर त्यांनी तो मुद्दाम बाहेर काढला, शेवटच्या फेरीत लावला, आणि पहिल्याच बोल्टला तो ‘कट’ वाजला. सगळ्या बोल्टांना तसाच वाजला. मिस्तरींनी तो आबांच्या हातात दिला आणि विडी पेटवली.

इंजिन दुसऱ्या हाकेला लागलं. थोडा पांढरा धूर, मग करडा, मग नेहमीचा. बुडबुडे नाहीत. रेडिएटरही खोलून चुना काढला होता, आणि मिस्तरींनी नवं झाकण आणि नवा थर्मोस्टॅट, दोन्ही बसवले. थर्मोस्टॅट पूर्वी कोणी काढला होता, हा प्रश्न कोणी विचारला नाही. मी विचारणार होतो, पण मिस्तरींच्या हातात हातोडा होता.

‘धुळ्यापोत जाय, ये, मंग थंड व्हवू दे. बोल्ट आखो एकदाव आवळना पडतीन.’

‘किती वेळ थंड?’ आबा.

‘रातभर.’

आबांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

बिल वहीच्या फाटक्या पानावर आलं. वेल्डिंग, फेस, सीट, पॅकिंग, ऑइल, झाकण, थर्मोस्टॅट. आबांनी एकेक कलम मान्य केलं. शेवटच्या ओळीला अडकले.

‘राख, दोनशे? राखेचे पैसे?’

‘ढाबावालाले दिनात मी.’

‘ढाब्यावर राख फेकून देतात!’

‘मंग तुमी ढाबावर गाडतात हेड.’

बराच वेळ रस्सीखेच झाली. टायरवाला आबांच्या बाजूचा, पंपवाला मिस्तरींच्या. शेवटी तोडगा असा निघाला, की पैसे पूर्ण द्यायचे पण मग राख आबांची. आबांनी ती खरोखरच दोन पोत्यांत भरून ट्रकमध्ये टाकायला लावली आणि घरी आणून काकूसमोर उतरवली, भांडी घासायला. काकू काय म्हणाली ते इथे छापता येणार नाही. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी कढई घासताना तिच्या हाताला पोत्याच्या तळाशी काहीतरी टणक लागलं. राख झटकली तर 14-15चा पाना.

आबांनी तो धुऊन, पुसून, ऑइल लावून स्वतःच्या टूलबॉक्समध्ये ठेवला. पोऱ्या अजून विचारतो म्हणे. आबा म्हणतात, दोनशेला तेवढा वळता झाला.